कचेरी कुणाची?

१९७४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एकाच विषयाची चर्चा होती. ९ तारखेला राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी वॉटरगेट प्रकरणी पद सोडलं आणि सगळ्यांच्या नजरा व्हाइट हाउसकडे लागल्या. त्यानंतर चारच दिवसांनी, मंगळवारी १३ ऑगस्टला, वॉशिंग्टनच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयात न्यायमूर्ती चार्ल्स रिची यांनी एका आदेशावर सही केली. रिची यांची नेमणूक निक्सन यांनीच १९७१ मध्ये केली होती. त्या धामधुमीत या आदेशाकडे फारसं कुणाचं लक्ष जाणार नव्हतं. पण पिकामागून पीक गाठत देशभर फिरणाऱ्या शेतमजुरांच्या दृष्टीनं तो आठवडा याच सहीमुळे महत्त्वाचा ठरला.

आदेशाचा गाभा असा होता. सरकारी रोजगार कचेऱ्या शेतमजुरांशी कशा वागतात यावर नजर ठेवायला केंद्रीय श्रम खात्यानं देशपातळीवर, विभागवार आणि राज्याराज्यांत स्वतंत्र अधिकारी नेमावेत. या अधिकाऱ्यानं कचेरीचा कारभार तपासावा आणि जिथे मजुरावर अन्याय होत असेल तिथे त्याची बाजू घेऊन भांडावं. या पदाला नाव मिळालं ‘मॉनिटर ॲडव्होकेट’. सरकारचा पगार घेऊन सरकारी कचेरीविरुद्धच मजुराचा कैवार घेणारा माणूस नेमावा, असं न्यायालयाला का वाटलं? त्याचं उत्तर चाळीस वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

१९३३ चं वचन

महामंदीच्या त्या वर्षी अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांतला जवळपास एक बेकार होता. ६ जून १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी वॅग्नर-पेसर कायद्यावर सही केली. न्यूयॉर्कचे सिनेटर रॉबर्ट वॅग्नर आणि त्याच राज्याचे प्रतिनिधी थिओडोर पेसर यांचं नाव या कायद्याला मिळालं. मंत्रिमंडळात आलेल्या पहिल्या महिला, श्रममंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्या खात्याखाली देशभर सरकारी रोजगार कचेऱ्यांचं जाळं उभं करायचं ठरलं. ज्याला काम हवं त्यानं नाव नोंदवावं, ज्याला माणूस हवा त्यानं मागणी नोंदवावी आणि कचेरीनं एक पैसाही न घेता दोघांची गाठ घालून द्यावी, अशी ही योजना होती. एखाद्या ठिकाणी संप किंवा टाळेबंदी चालू असेल, तर तिथे पाठवण्याआधी उमेदवाराला तसं सांगितलं पाहिजे, हेही कायद्यातच लिहिलेलं होतं.

कायद्यात शेतमजूर वगळलेला नव्हता. मात्र त्यानंतर आलेल्या कायद्यांनी त्याला एकेक करून बाहेर ठेवलं. १९३५ च्या कामगार संघटना कायद्यानं बाकी कामगारांना संघटना बांधून मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क दिला. त्यात शेतमजूर आणि घरकाम करणारे नव्हते. त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा कायद्यातही ते नव्हते. १९३८ मध्ये किमान वेतन आणि कामाच्या तासांचा कायदा झाला, तेव्हाही शेतमजूर कुंपणाबाहेरच राहिले. दक्षिणेतल्या राज्यांचे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये वजनदार होते आणि तिथल्या कापसाच्या मळ्यांवर राबणारे हात बहुतांशी काळ्या माणसांचे होते. ते हात स्वस्त राहावेत, ही त्या प्रतिनिधींची गरज होती.

याचा परिणाम रोजगार कचेरीत दिसू लागला. कारखान्यातला कामगार तिथे जायचा तेव्हा त्याच्या पाठीशी किमान वेतन असायचं, कधी संघटनाही असायची. शेतमजूर जायचा तेव्हा त्याच्या पाठीशी काहीच नसायचं. टेबलापलीकडून मळेवाला मात्र आपल्या संघटनेच्या आणि आमदार-खासदारांच्या बळावर बोलायचा: पीक तोडणीला आलंय, मला दोनशे माणसं हवीत आणि सोमवारी हवीत. कचेरीचं यश मोजलं जायचं ते किती माणसं कामाला लावली या आकड्यावर. मजुरी किती मिळाली, राहायची खोली कशी होती, कबूल केलेलं काम खरंच मिळालं का, याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नव्हती. त्यामुळे कचेरी मळेवाल्याच्या बाजूला झुकत गेली आणि तसा निर्णय कुणाला मुद्दाम घ्यावाही लागला नाही.

दुसऱ्या महायुद्धात हा कल कायद्यातच उतरला. एप्रिल १९४३ मध्ये काँग्रेसनं ‘पब्लिक लॉ ४५’ मंजूर करून शेतमजूर पुरवण्याचं काम कृषी विस्तार यंत्रणेकडे दिलं. या कामासाठी दिलेल्या पैशातून मजुरी ठरवायची नाही, कामाचे तास ठरवायचे नाहीत, घरांसाठी अटी घालायच्या नाहीत, अशी बंधनं त्यात स्पष्ट होती. स्थानिक कृषी अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय मजुराला सरकारी खर्चानं दुसऱ्या परगण्यात नेता येणार नव्हतं. जास्त मजुरी मिळेल तिथे जाण्याची वाट सरकारनंच अडवली होती. १९४८ च्या सुरुवातीला हे काम पुन्हा रोजगार सेवेकडे आलं, पण सवयी तशाच राहिल्या.

त्याच सुमारास मेक्सिकोतून करारावर मजूर आणण्याची ‘ब्रासेरो’ योजना चालू होती. १९४२ ते १९६४ या काळात तिच्याखाली सुमारे ४५ लाख करार झाले. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी १९५० मध्ये नेमलेल्या स्थलांतरित मजूर आयोगानं पुढच्या वर्षी दिलेल्या अहवालात एक विचित्र विसंगती दाखवून दिली. परदेशातून आणलेल्या मजुराला निदान कागदोपत्री तरी कामाच्या दिवसांची, घराची आणि परतीच्या प्रवासाची हमी होती. देशातल्या मजुराला त्यातलं काहीच नव्हतं. ब्रासेरोला कागदावर दिलेल्या हमीही प्रत्यक्षात किती पाळल्या जातात, याचा पर्दाफाश अर्नेस्तो गलार्झा यांनी पुढे केला. ते स्वतः लहानपणी मेक्सिकोतून आलेले, शेतात राबलेले आणि नंतर शिकून संशोधक झालेले. छावण्या-छावण्यांतून फिरून मजुरांशी बोलून त्यांनी १९५६ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला.

तीन प्रवाह आणि एक मुकादम

देशातले फिरते मजूर साधारण तीन वाटांनी जात. पूर्वेकडचा प्रवाह फ्लोरिडातून निघायचा. हिवाळ्यात तिथे घेवडा, सेलरी आणि ऊस. मग वसंतात कॅरोलिना, व्हर्जिनिया करत उन्हाळ्याअखेर न्यूयॉर्कच्या सफरचंदांपर्यंत. या प्रवाहात काळे मजूर बहुसंख्य होते. मधला प्रवाह टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात सुरू व्हायचा. तिथली मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबं मुलाबाळांसह मिनेसोटातली साखर-बीटं खुरपायला, मिशिगनमधल्या चेरी आणि काकड्या तोडायला, ओहायोत टोमॅटो वेचायला जायची. पश्चिमेचा प्रवाह कॅलिफोर्नियातून ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांकडे सरकायचा.

या प्रवाहांत मजूर आणि मालक यांच्यामध्ये ‘क्रू लीडर’ असायचा. आपल्या उसाच्या फडावर टोळी आणणारा मुकादम जे करतो, जवळपास तेच त्याचं काम. माणसं गोळा करायची, ट्रक किंवा जुनी बस लावायची, मालकाशी सौदा करायचा, मजुरीची रक्कम आपल्या हातात घ्यायची आणि प्रवास, जेवण, उसनवारी कापून उरेल ते वाटायचं. किती कापलं हे मजुराला अनेकदा कळतही नसे.

रोजगार सेवेनं १९५० च्या दशकात या भटकंतीला शिस्त लावायचा प्रयत्न केला. ‘वार्षिक मजूर आराखडा’ या नावानं ओळखली जाणारी ही पद्धत कागदावर चांगली होती. हिवाळ्यात फ्लोरिडातला सरकारी कर्मचारी टोळीप्रमुखाला भेटायचा, त्याच्याकडे किती माणसं आणि किती गाड्या आहेत ते लिहून घ्यायचा आणि पुढच्या हंगामाचं वेळापत्रक आखून द्यायचा: अमुक आठवड्यात या राज्यात बटाटे, तमुक आठवड्यात त्या राज्यात घेवडा. त्यामुळे रिकामे दिवस कमी झाले. पण बोलणी व्हायची ती टोळीप्रमुखाशी. त्याच्या मागे ट्रकमध्ये बसलेल्या पन्नास जणांना कुणी काही विचारत नसे. अशा रीतीनं सरकारी आराखड्यामुळे मुकादमाचं बस्तान आणखीच पक्कं झालं.

२५ नोव्हेंबर १९६० रोजी, थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी, सीबीएस वाहिनीवर एडवर्ड मरो यांचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट दाखवला गेला. निर्माते होते डेव्हिड लो. आदल्या दिवशीच्या मेजवानीचं अन्न अजून घराघरांत उरलेलं असताना, ते पिकवणारी माणसं लोकांनी पडद्यावर पाहिली. फ्लोरिडातल्या बेल ग्लेड गावात उजाडायच्या आत मैदानावर गर्दी जमलेली आहे, ट्रक उभे आहेत, माणसं घ्यायला आलेले लोक आजचा दर मोठ्यानं ओरडताहेत आणि मजूर कुठल्या ट्रकवर चढायचं ते ठरवताहेत. एका आईला मरो यांचा वार्ताहर विचारतो, आज किती मिळाले? पहाटे सहापासून दुपारी चारपर्यंत राबून तिला एक डॉलर मिळालेला असतो. खुद्द तेव्हाचे श्रममंत्री जेम्स मिचेल याच कार्यक्रमात बोलले आणि या मजुरांना कायद्याचं संरक्षण नाही याची खंत त्यांनी लपवली नाही. या माणसांचा कैवार घ्यायला वॉशिंग्टनमध्ये कुणीच नाही, तेव्हा तो तुम्हीच घ्या, असं मरो यांनी शेवटी प्रेक्षकांना आवर्जून सांगितलं.

साठचं दशक: कायदे आले, कचेरी तशीच

पुढच्या दहा वर्षांत बरंच काही घडलं. १९६२ मध्ये फिरत्या मजुरांसाठी दवाखान्यांना अनुदान देणारा कायदा झाला. १९६४ मध्ये टोळीप्रमुखांनी सरकारकडे नोंदणी करावी असा कायदा आला. १९६४ अखेर ब्रासेरो योजना बंद झाली. त्याच वर्षी नागरी हक्क कायदा मंजूर झाला. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या कुठल्याही कामात वंश, रंग किंवा मूळ देश पाहून भेदभाव करता येणार नाही, असं त्याच्या सहाव्या भागात ठामपणे म्हटलं होतं. १९६६ च्या दुरुस्तीनं शेतमजुरांना पहिल्यांदाच केंद्रीय किमान वेतन मिळालं. ते फक्त मोठ्या मळ्यांवर लागू होतं आणि १९६७ मध्ये दर ठरला तासाला एक डॉलर. इतर कामगारांचा दर तेव्हा एक डॉलर चाळीस सेंट होता. कायद्याच्या नजरेत शेतातला तास कारखान्यातल्या तासापेक्षा स्वस्तच राहिला.

कॅलिफोर्नियात मजूर स्वतःच उभे राहिले. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानोच्या द्राक्षमळ्यांवर लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला. आठवड्याभरात सेझार चावेझ आणि डोलोरेस ह्युर्ता यांची मेक्सिकन-अमेरिकन मजुरांची संघटना त्यात उतरली. पाच वर्षं संप आणि द्राक्षांवरचा बहिष्कार चालला आणि १९७० च्या जुलैत मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या.

याच काळात केंद्राच्या गरिबी निर्मूलन योजनेतून कायदेविषयक मदतीची केंद्रं सुरू झाली. १९६६ मध्ये ‘कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स’ ही संस्था निघाली. तरुण वकील छावण्यांतून, शेतांच्या बांधांवरून फिरू लागले. मजुरांच्या तक्रारी लिहून घेताना रोजगार कचेरीचं नाव त्यांच्या कानावर पुन्हा पुन्हा पडू लागलं. सरकारी कचेरीनंच पाठवलं म्हणून विश्वासानं आम्ही शेकडो मैल आलो आणि इथे येऊन पाहतो तर काम नाही, सांगितलेली मजुरी नाही, राहायला जी झोपडी आहे तिला पाण्याचा नळ नाही, असं मजूर सांगत. मुकादम किंवा मळेवाला फसवतो हे नवं नव्हतं. फसवणुकीच्या वाटेवर नेऊन सोडणारं सरकारच असेल तर दाद मागायची कुणाकडे, हा प्रश्न आता उभा राहिला.

सरकारविरुद्ध सरकारचेच पुरावे

१९७१ च्या वसंतात डझनाहून अधिक संघटना आणि शेकडो शेतमजुरांनी मिळून श्रममंत्री जेम्स हॉजसन यांच्याकडे एक तपशीलवार तक्रार दाखल केली. त्यामागे वॉशिंग्टनमधल्या ‘मायग्रंट लीगल ॲक्शन प्रोग्रॅम’ या संस्थेचे वकील होते. आरोप नेमके होते. रोजगार सेवेत शेतीकामाचा विभाग वेगळा ठेवलेला आहे. मेक्सिकन-अमेरिकन किंवा काळा माणूस दारात आला की त्याची पात्रता न पाहता त्याला त्याच विभागाकडे पाठवतात. समुपदेशन, चाचणी, प्रशिक्षण, कारखान्यातल्या किंवा कार्यालयातल्या जागा या सगळ्या सोयी इतरांसाठी आहेत. किमान वेतन, बालमजुरी, घरांचे नियम मोडणाऱ्या मळेवाल्यांच्या मागण्याही कचेऱ्या बिनदिक्कत स्वीकारतात आणि पुरवतात.

खात्यानं चौकशीसाठी खास पथक नेमलं. त्या पथकाचा १९७२ चा अहवाल मजुरांच्या बहुतेक आरोपांना दुजोरा देणारा निघाला. मजूर वर्षानुवर्षं जे सांगत होते, ते आता सरकारच्याच कागदावर आलं. त्यानंतर हॉजसन यांनी सुधारणांचा तेरा कलमी कार्यक्रम जाहीर केला, शेतीचा विभाग बाकी सेवेत मिसळून टाकावा असं ठरलं. पण जाहीर झालेलं खाली पोहोचत नव्हतं. राज्यांतल्या कचेऱ्या चालवणारे तेच होते, मळेवाल्यांशी त्यांचे जुने संबंध तेच होते आणि पैसाही पूर्वीसारखाच येत होता.

१९७२ च्या शरद ऋतूत मजूर आणि त्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. वादींमध्ये पहिलं नाव होतं ते काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’च्या पश्चिम विभागाचं. मिशिगनमध्ये चेरी तोडणारा टेक्सासचा मेक्सिकन-अमेरिकन मजूर आणि फ्लोरिडातला काळा मजूर एकाच दाव्यात एकत्र आले. खटला उभा राहीपर्यंत श्रममंत्री बदलले. फेब्रुवारी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या बांधकाम कामगारांचे नेते पीटर ब्रेनन त्या पदावर आले आणि खटला ‘एनएएसीपी विरुद्ध ब्रेनन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. संघटित कामगारांच्या बळावर मंत्री झालेल्या माणसाचं नाव, ज्यांना संघटनेचा हक्कच नव्हता अशांच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून आलं.

खात्याचा बचाव साधा होता: कचेऱ्या राज्य सरकारं चालवतात, चुका त्यांच्या आहेत, केंद्र फक्त पैसे देतं. न्यायमूर्ती रिची यांनी १९७३ च्या मे महिन्यात दिलेल्या निकालात हा बचाव फेटाळला. या कचेऱ्यांचा खर्च केंद्र भागवत होतं. आपण ज्यांना पैसे देतो ते कायदा मोडताहेत हे श्रम खात्याला आपल्याच चौकशीतून कळलेलं होतं. कळूनही पैसे देत राहणं म्हणजे नागरी हक्क कायद्यानं आणि वॅग्नर-पेसर कायद्यानं टाकलेली जबाबदारी झटकणं होय, असं निकालात ठरलं. अमेरिकेच्या संघराज्यात केंद्र आणि राज्य एकमेकांकडे बोट दाखवून सुटतात, ती पळवाट या प्रकरणापुरती बंद झाली.

पण भेदभाव झाला असं ठरवणं वेगळं आणि तो थांबवणं वेगळं. देशभरातल्या हजारो टेबलांवर रोज काय चालतं, हे न्यायाधीश पाहू शकत नाही. म्हणून पुढचं वर्षभर दोन्ही बाजूंचे वकील बसून बोलले आणि उभयपक्षी मान्य झालेला मसुदा १३ ऑगस्ट १९७४ च्या आदेशात उतरला.

आदेशातली यंत्रणा

या आदेशाचं वैशिष्ट्य त्याच्या तपशिलात आहे. त्यातून आणि पुढे १० जून १९८० रोजी प्रसिद्ध झालेल्या केंद्रीय नियमांतून जी व्यवस्था उभी राहिली, ती कोरड्या सदिच्छेवर विसंबून नव्हती.

पहिली गोष्ट मोजमापाची. शेतमजुरांना मिळणारी सेवा दर्जानं इतरांच्या बरोबरीची आणि प्रमाणानं त्यांच्या संख्येला साजेशी असली पाहिजे, अशी कसोटी ठरली. इतर उमेदवारांपैकी शंभरातल्या जितक्यांना समुपदेशन मिळालं, चाचणीची संधी मिळाली, कामावर पाठवलं गेलं, निदान तितक्याच शेतमजुरांना ते मिळालं का, हे राज्याला आकड्यांत दाखवावं लागू लागलं. किमान वेतनापेक्षा तासाला निदान ५० सेंट जास्त देणारं काम किती जणांना मिळालं, शेतीबाहेरचं १५० दिवसांहून जास्त टिकणारं काम किती जणांना मिळालं, याचीही नोंद सुरू झाली. आधी ज्या प्रश्नांना रकानाच नव्हता, त्यांना तो मिळाला. शेतमजूर म्हणजे कोण, हेही स्पष्ट झालं: वर्षात निदान २५ दिवस शेतीकाम केलेला, निदान निम्मी कमाई त्यातून मिळवलेला आणि एकाच मालकाकडे बारमाही नसलेला. त्यासाठी ज्याला रात्री घरी परतता येणार नाही इतकं दूर जावं लागतं, तो स्थलांतरित.

दुसरी गोष्ट दारापर्यंत जाण्याची. दिवसभर शेतात असलेला मजूर कचेरीच्या वेळेत येऊ शकत नाही. म्हणून कचेरीचा माणूस छावणीवर, किराणा दुकानात, चर्चमध्ये, जिथे मजूर जमतात तिथे जाईल आणि त्यांना कळेल अशा भाषेत हक्क समजावून सांगेल, अशी तरतूद झाली. मळ्यावरच्या कामाच्या जागेत जायला त्याला मालकाची परवानगी लागते. मजुराच्या राहत्या जागेत पाऊल टाकायला मात्र परवानगी लागते ती मजुराची. नियमांतलं हे कलम छोटं आहे, पण ज्या माणसाला आजवर त्याच्या झोपडीबद्दलही कुणी विचारलं नव्हतं, त्याचा दरवाजा त्याचाच आहे हे सरकारनं त्यातून मान्य केलं.

तिसरी गोष्ट मागणीपत्राची. दूरवरून मजूर हवे असतील तर मळेवाल्यानं मजुरी, कामाचा काळ, पीक, घराची सोय सगळं लिहून द्यायचं आणि ते मजुराला त्याच्या भाषेत निघण्याआधी मिळायचं. पीक उशिरा तयार होणार असेल तर वेळेत कळवायचं. नाही कळवलं आणि मजूर येऊन थडकले, तर पहिल्या आठवड्याची मजुरी द्यायची. घराची तपासणी मजूर येण्याआधी करायची. १९७० नंतर आलेल्या केंद्रीय सुरक्षा नियमांत छावणीची मापं ठरली आहेत: झोपायच्या खोलीत माणशी निदान ५० चौरस फूट जागा, ७ फूट उंचीचं छत, दर १० माणसांमागे एक शॉवर, दर १५ माणसांमागे एक संडास. तपासनिसाच्या हातात मोजपट्टी आली की मालकाच्या ‘चांगली सोय आहे’ या तोंडी शब्दावर भागत नाही.

चौथी गोष्ट अचानक भेटीची. मजूर कामाला लागल्यावर कचेरीनं न कळवता मळ्यावर जायचं आणि कागदावरचं आणि शेतातलं जुळतंय का ते पाहायचं. जिथे अशा मागणीवरून मजूर पाठवले, त्यातल्या चारांतल्या किमान एका जागी ही भेट झालीच पाहिजे. मजुरानं तक्रार केली नसली तरी उघड दिसणारं उल्लंघन लिहून ठेवणं कर्मचाऱ्यावर बंधनकारक झालं. पुढच्या हंगामात काम मिळणार नाही या भीतीनं मजूर गप्प बसतो, हे नियम लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं. तडजोडीनं न मिटणारी तक्रार पुढे कायदा राबवणाऱ्या खात्याकडे जायची. वारंवार नियम मोडणाऱ्या मळेवाल्याला रोजगार सेवा पूर्णपणे नाकारण्याचा मार्गही खुला झाला.

आणि या सगळ्याच्या वर मॉनिटर ॲडव्होकेट. शक्यतो शेतमजुरीच्या पार्श्वभूमीतून आलेला, त्यांची भाषा बोलणारा किंवा त्यांच्यात काम केलेला माणूस या पदावर नेमावा, असं ठरलं. राज्याच्या रोजगार सेवेच्या प्रमुखाला तो थेट भेटू शकेल, मधल्या साहेबांनी अडवायचं नाही. त्यानं कचेऱ्यांना भेटी द्यायच्या, कागद तपासायचे, छावण्यांवर जायचं, दरवर्षी अहवाल लिहायचा. आदेशाची अंमलबजावणी पाहण्यासाठी दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी असलेली खास आढावा समितीही काही वर्षं काम करत होती.

पन्नास वर्षांचा हिशेब

या यंत्रणेत पहिल्यापासून एक कच्चा दुवा आहे, आणि तो लपवून चालणार नाही. मॉनिटर ॲडव्होकेटचा पगार, त्याची खुर्ची, त्याच्या प्रवासाचा खर्च हे सगळं ज्या खात्यावर त्यानं नजर ठेवायची त्याच खात्याच्या हातात आहे. दंड करण्याचा अधिकार त्याला नाही. चुकतं काय ते तो दाखवू शकतो, लेखी मागणी करू शकतो, पाठपुरावा करू शकतो. ज्या राज्यात प्रमुखाला ऐकायचं असतं तिथे हे पद वजनदार ठरतं, जिथे नसतं तिथे त्याच्यावर इतर कामं लादली जातात आणि अहवाल फाइलला लागतो. केंद्राकडून रोजगार सेवेला मिळणारा पैसा महागाईच्या मानानं १९८० च्या दशकापासून आटत गेला. छावणीवर जाणारा माणूस, गाडी आणि दुभाषा या खर्चाच्या बाबी असल्यानं काटकसरीच्या दिवसांत त्यांच्यावर आधी गदा येते.

शेतमजुरीचं रूपही बदललं. पिकामागून पीक गाठणारी कुटुंबं कमी झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून श्रम खातं पिकांवरच्या मजुरांची जी राष्ट्रीय पाहणी करतं, तिच्या अलीकडच्या फेऱ्यांत स्थलांतरितांचं प्रमाण पाचांत एकाहूनही कमी आढळतं. त्याच वेळी १९८६ च्या कायद्यानं आकाराला आलेली ‘एच-टू-ए’ ही हंगामी परदेशी मजुरांची व्हिसा योजना झपाट्यानं फुगली. २०२२ मध्ये या योजनेखाली ३,७०,००० हून अधिक जागा मंजूर झाल्या. हा मजूर एका मालकाच्या नावावर देशात येतो आणि ते काम सुटलं की त्याला राहण्याचा आधारही सुटतो. ब्रासेरोच्या काळातला पेच नव्या कागदपत्रांसह परत आला आहे. आता छावणीवर स्पॅनिशबरोबर मिश्तेक, सापोतेक, माम अशा मूळनिवासींच्या भाषाही कानावर पडतात आणि स्पॅनिश येणारा अधिकारीही तिथे अपुरा पडतो.

म्हणून १९७४ चा आदेश वाया गेला का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. एच-टू-एचा मळेवालाही आज आपली मागणी आधी राज्याच्या रोजगार सेवेकडेच नोंदवतो, त्याची घरं तपासली जातात आणि त्या मजुरालाही याच तक्रार व्यवस्थेत दाद मागता येते. २०१४ मध्ये अमेरिकेनं रोजगार आणि कौशल्य योजनांचा नवा कायदा केला, तेव्हा कचेऱ्यांची नावं आणि रचना बदलली. मॉनिटर ॲडव्होकेटची यंत्रणा टिकली. २०१६ मध्ये तिचे नियम नव्यानं लिहिले गेले. दावा लढलेल्या मजुरांनी तेव्हा रोख भरपाईऐवजी कायम चालणारी देखरेख मागितली होती, म्हणूनच मंत्री आणि सरकारं बदलली तरी त्यांच्या हाती काहीतरी उरलं.

सरकारी सेवा लोकांसाठी असते असं आपण सहज म्हणतो. त्या लोकांत रोज कचेरीचा दरवाजा ठोठावणारे, फोन करणारे, ओळख असणारे आपोआप पुढे येतात आणि जो आज इथे, उद्या पाचशे मैलांवर असतो तो मागे पडतो. त्याच्यापर्यंत कायदा पोहोचवायचा असेल तर त्याचा आकडा वेगळा मोजावा लागतो, त्याच्या मुक्कामी जावं लागतं आणि कचेरीच्या आतच कुणाला तरी त्याच्या बाजूनं बोलायची जबाबदारी द्यावी लागते. हे पद कमजोर आहे, निधीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारं आहे, तरीही ते हवं. ते अधिक बळकट करावं, त्याचा निधी त्याच्या खात्याच्या मर्जीवर सोडू नये, त्याला अहवालापलीकडचा अधिकार द्यावा, ही मागणी आज शेतमजुरांच्या वतीनं पुढे रेटायला हवी. पन्नास वर्षांपूर्वीच्या वादींनी अर्धी वाट चालून ठेवली आहे.